नळीच्या तळाचा लाल ठिपका

किरगीझ डोंगरांतल्या चोलोक-सूच्या बाजारात दही विकणाऱ्या बायका शारकानला लांबून येताना पाहिलं की भांड्यांवरची झाकणं आपणहून काढून ठेवत. नाहीतरी ती काढायला लावणारच. वास घेणार, बोट बुडवून चाटणार, तळाशी पाणी आहे का म्हणून भांडं कलंडवून बघणार, आणि एवढं सगळं करून दही शेजारणीकडून घेणार. तिचा नवरा जुमादिल चारचौघांत सांगायचा, "लग्नात मुल्लाने हिला विचारलं, कबूल आहे का? तर हिने आधी विचारलं, तुम्ही खरे मुल्ला कशावरून?"

सगळे हसायचे. शारकान हसायची नाही. तिच्या मते तो प्रश्न अगदी योग्य होता.

ती गावातल्या जनावरांच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दोन खोल्या, एक कुरकुरणारी बर्फपेटी आणि मागच्या अंगाला लाकडी पिंजऱ्यांची पडवी. त्या पडवीत गिनीपिग. रशियन भाषेत ह्या गरीब प्राण्याला समुद्री डुक्कर म्हणतात, आणि त्यामुळे शारकानच्या सासूने मरेपर्यंत तिला कणीक मळू दिली नाही. "तिकडे डुकरं कुरवाळून येतेस आणि माझ्या पिठात हात घालतेस?" शारकान सांगून थकली की आई, हे डुक्कर नाही, समुद्रातलंही नाही, गवत खातं. सासू म्हणायची, "मग नाव का तसं ठेवलं? नाव ठेवणाऱ्याला काहीतरी माहीत असणार."

संशय घेण्याच्या बाबतीत सासू-सुनेचं तेवढं जमायचं.

पूर्वी मेंढ्यांच्या तापाच्या तपासणीसाठी मॉस्कोहून काचेच्या बंद कुप्यांत वाळवलेली पावडर यायची. सोव्हिएत राज्य मोडलं तशा कुप्या यायच्या बंद झाल्या. पण मेंढ्यांचा सांधेताप काही राज्याबरोबर गेला नाही. ह्या तापाने मेंढ्या गाभ टाकतात. मेंढ्यांतून तो माणसांत उतरतो, आणि मग माणूस घामाने भिजत राहतो, सांधे धरून बसतो. तो ओळखायचा तर गिनीपिगचं रक्त हवं. म्हणून गिनीपिग पाळले. त्यांच्या रक्ताचा गोळा बसला की वर जे पिवळसर पाणी राहतं, त्यात एक जिवंत ताकद असते. प्रयोगशाळेत सगळे तिला कॉम्प्लिमेंट म्हणत. ही ताकद फार नाजूक. उन्हात राहिली की मेली, टेबलावर विसरली की दुपारपर्यंत निम्मी. म्हणून ते पाणी कायम बर्फात.

तपासणीची तऱ्हा अशी. मेंढीचं सीरम, म्हणजे तिच्या रक्तावरचं पिवळसर पाणी, नळीत घ्यायचं, त्यात मारलेले जंतू घालायचे आणि मोजून कॉम्प्लिमेंट. मेंढी आजारी असेल तर जंतूंशी झटापट होऊन कॉम्प्लिमेंट तिथेच खर्च होतो. निरोगी असेल तर तो तसाच मोकळा राहतो. मग वरून तांबड्या पेशी घालायच्या. कॉम्प्लिमेंट मोकळा असेल तर तो पेशी फोडतो आणि नळी डाळिंबाच्या सरबतासारखी नितळ लाल होते. खर्च झाला असेल तर पेशी न फुटता खाली बसतात, तळाशी लाल ठिपका. सरबत म्हणजे निरोगी. ठिपका म्हणजे कळपाला कसाई.

आणि कॉम्प्लिमेंट कोणी जरा जास्त घातला तर? झटापटीत खर्च होऊनही उरतो, आणि आजारी मेंढीचीसुद्धा नळी सरबतासारखी दिसते.

हे "जरा जास्त" शारकानच्या डोक्यात कायम भुणभुणत असे. कारण गिनीपिगांचं रक्त ती काढायची, नळ्या ती लावायची, पण रोज सकाळी त्या दिवसाचा कॉम्प्लिमेंट किती जोरदार आहे हे पाहून माप ठरवायचं काम एर्नाचं होतं.

एर्ना जर्मन. तिच्या आजोबा-आजींना युद्धात व्होल्गाकाठाहून गाडीत भरून इकडे आणून टाकलं होतं. ती चोलोक-सूतच जन्मली, किरगीझ आमच्याइतकीच फाडफाड बोलायची आणि शिव्या तर आमच्याहून गोड द्यायची. दोघींनी एकाच टेबलावर तारुण्य घालवलं होतं. शारकानची मुलगी जन्मली तेव्हा पहिलं झबलं एर्नाने विणलं. (शारकानने ते आधी उकळून घेतलं, ती गोष्ट वेगळी.)

त्या वर्षी कळप उन्हाळी कुरणांवर चढल्यानंतर एक बाई प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. अनारकुल तिचं नाव. तिचा नवरा कुबात हा तुर्दाकुनच्या मेंढ्या राखायचा. तुर्दाकुन म्हणजे गावातला बडा कळपवाला. सामुदायिक शेतीची वाटणी झाली तेव्हा सगळ्यात चांगल्या मेंढ्या त्याच्याच वाट्याला कशा आल्या, हे कोणी विचारलं नव्हतं. शारकान सोडून.

"एजे," अनारकुल थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं म्हणाली, "माझ्या नवऱ्याला चहाची वाटी उचलत नाही. रात्रभर घाम. इस्पितळात म्हणतात, मेंढीचा ताप आहे."

"कोणाच्या मेंढ्या राखतो?"

"तुर्दाकुन आकेच्या. दुसऱ्या कुणाच्या मेंढीला हातही लावत नाही. पण तुर्दाकुन आके म्हणतात, माझा कळप तपासलेला आहे, एकही मेंढी आजारी नाही, तुझ्या नवऱ्यानेच कुठेतरी तोंड घातलं असेल. एजे, तुम्हीच तपासलं ना?"

"आम्हीच."

"मग खोटं कोण बोलतंय? माझ्या नवऱ्याचे गुडघे?"

तुर्दाकुनच्या नळ्या शारकानने स्वतः पाहिल्या होत्या. ओळीने नुसतं सरबत. एकही ठिपका नाही. त्या वेळी बरं वाटलं होतं. आता तेच खटकलं. एवढ्या मोठ्या कळपात साधी शंकासुद्धा येऊ नये?

आणि मग तिला आणखी एक आठवलं. एप्रिलमध्ये, त्या नळ्या आल्या त्याच सुमाराला, तुर्दाकुनचा माणूस एर्नाच्या दारात अर्धी मेंढी उतरवून गेला होता. सोललेली, कापडात गुंडाळलेली. शारकानने कुंपणावरून पाहिलं होतं. एर्ना काही बोलली नाही, म्हणून तीही बोलली नव्हती. पण एर्ना जर्मनीला जायचं म्हणत होती. सगळेच जर्मन चालले होते. जाणाऱ्याला काय, मागे ताप राहिला काय नि माणसं मेली काय.

त्या दिवसापासून ती एर्नाचे हात बघू लागली. काचेची नळी किती उचलते, थेंब कुठे सोडते, कोणाच्या नळ्या असताना बोलते आणि कोणाच्या असताना गप्प होते. एर्ना गुणगुणली तरी हिला वाटायचं, हे कशासाठी?

"काय गं, माझ्या बोटांना काय सोनं लागलंय?" एर्नाने एकदा विचारलंच.

"काही नाही. थंडी वाजते का बघत होते."

"जूनमध्ये?"

घरी जेवताना तिने जुमादिलला सांगितलं. जुमादिल जनावरांचा कंपाउंडर होता. वसंतात कळपाकळपांतून फिरून रक्ताच्या नळ्या भरून आणायचं काम त्याचंच. एरवी ती कोणावर संशय घेऊ लागली की तो थट्टेवर न्यायचा. ह्या वेळी मात्र त्याने तळलेल्या बोर्सोक पावाचा तुकडा चहात बुडवला तो तसाच विरघळू दिला.

"एर्ना?" तो म्हणाला. "असेल बाबा. जाता जाता हात मारून घेतला असेल. जर्मन डोकं आहे ते."

"खरंच वाटतं तुला?"

"तूच म्हणतेस ना? तुझी नजर चुकत नाही."

इतक्या वर्षांत नवऱ्याने पहिल्यांदा तिच्या नजरेचं कौतुक केलं होतं. शारकानला इतकं बरं वाटलं की तिने त्याला चहाची दुसरी वाटी न मागता ओतली.

दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेच्या प्रमुखाकडे गेली. एसेन आके, म्हणजे एसेनदादा, हा शांत माणूस. निवृत्ती जवळ आलेली, भांडणाचा कंटाळा.

"शारकान, तू मागच्या वर्षी म्हणालीस की पहारेकरी गिनीपिग खातो."

"एक कमी होता, आके."

"तो पडवीखाली सापडला. पिल्लांसकट."

"ह्या वेळी तसं नाही. अर्धी मेंढी मी डोळ्यांनी पाहिलीय."

एसेन आकेने कपाळ चोळलं. अनारकुल त्याच्याकडेही येऊन गेली होती. शेवटी त्याने एर्नाला बोलावलं आणि खाली बघत सांगितलं, की काही दिवस कॉम्प्लिमेंटचं माप शारकान ठरवील. एर्नाने बर्फपेटीची किल्ली गळ्यातून काढली, टेबलावर ठेवली, आणि शारकानकडे पाहिलं. ते बघणं रागाचं असतं तर शारकानला सोसलं असतं.

तुर्दाकुनच्या कळपाची उरलेली सीरमं बर्फपेटीत गोठवून ठेवलेली होती. शारकान पडवीत गेली. तिने ज्यांच्यावर तिचा सगळ्यात जास्त भरवसा होता असे गिनीपिग निवडले, कारण गिनीपिगांतही तिचे विश्वासू आणि बिनविश्वासू होते. कापसावर इथरचे थेंब टाकून एकेकाला गुंगी दिली, रक्त काढलं, त्यांना गाजर देऊन पिंजऱ्यात परत निजवलं. सीरम निघाल्यावर जोर पाहून माप ठरवलं. हात आखडून ठरवलं, एक थेंबही फुकट जायला नको असं. ओळखीच्या आजारी मेंढीचं सीरम शेजारी लावलं. मग वाट पाहत बसली.

आजारी मेंढीच्या नळीत सुंदर गोल ठिपका. तुर्दाकुनच्या नळ्यांत सरबत. सगळ्या.

दुसऱ्या कोणाला हायसं वाटलं असतं. शारकानला वाटलं, म्हणजे एर्नाने पेटीतल्या नळ्याच बदलल्या.

दिवसभर ती ह्याच विचारात होती, आणि एर्ना खिडकीशी बसून नुसती काचसामान धूत होती. असे काही दिवस गेले. मग एका सकाळी एर्नाने नळ्यांचा एक लाकडी घोडा आणून शारकानच्या पुढ्यात आपटला. नळ्या खणखणल्या.

"बघ."

"काय आहे?"

"तुझा कॉम्प्लिमेंट, तूच काढलेला. पेटी उघडायला एसेन आके माझ्याशेजारी उभे होते, विचार त्यांना. जंतू घातलेच नाहीत. नुसती सीरमं, आणि कॉम्प्लिमेंट मुद्दाम थोडाथोडा कमी करत नेलाय. वरच्या रांगेत वेगवेगळ्या गावच्या मेंढ्या. खाली तुर्दाकुनच्या."

शारकानने घोडा उजेडाकडे वळवला. प्रत्येक मेंढीचं सीरम आपल्या खोडीप्रमाणे थोडासा कॉम्प्लिमेंट उगीचच गिळतं. कोणी जास्त, कोणी कमी. वरची रांग तशीच होती, इथे गढूळ, तिथे नितळ, कुठे अर्धवट. खालच्या रांगेत मात्र सगळ्या नळ्या एकाच जागी गढूळ झाल्या होत्या. जराही फरक नाही.

"सगळ्या सारख्याच," शारकान पुटपुटली.

"एकाच हंड्यातून पळीने वाढल्यासारख्या. ह्या कळपाच्या नळ्या नाहीत, शारकान. ही एक मेंढी आहे."

"तू बदलल्यास..."

"मी!" एर्ना ओरडली. "अगं बाई, ही त्यांची जुनी बुचं, त्यांवरचा लाखेचा शिक्का बघ! तो फोडून सीरम काढलंस तू, एप्रिलमध्ये, आणि नळ्यांवरच्या चिठ्ठ्या अजून तुझ्याच अक्षरातल्या आहेत. आणि शिक्का मारला होता कोणी? इतके दिवस माझ्या बोटांकडे बघत बसलीस. दारातून नळ्यांची पेटी कोण घेऊन येतो, ते बघितलंस कधी?"

लाखेवर जुमादिलचा शिक्का होता. जुमादिलने भरलेल्या नळ्या, जुमादिलने आणलेली पेटी. शारकानने त्या सुट्या बुचांकडे पाहिलं आणि स्टुलावर बसली. बाजारातल्या दह्यावर, मुल्लावर, पहारेकऱ्यावर, पाहुण्यांच्या बुटांवर तिने संशय घेतला होता. नवरा पैसे कुठे ठेवतो, कोणाशी हसतो, हेही पाहिलं होतं. पण त्याच्या पेटीवर कधी नाही. ती पेटी तिने स्वतः घासूनपुसून दिलेली असायची.

घरी गेली तेव्हा जुमादिल ओट्यावर बसून लगाम शिवत होता.

"तुर्दाकुनच्या मेंढ्यांचं रक्त कोणी काढलं?"

"मी काढलं. का?"

"जुमादिल."

किरगीझ बायका नवऱ्याला नावाने हाक मारत नाहीत. इतक्या वर्षांच्या संसारात तिने ते नाव तोंडावर पहिल्यांदाच आणलं होतं. त्याच्या हातातली सुई थांबली.

"पाऊस-बर्फ एकत्र पडत होता गं," तो शेवटी म्हणाला. "गुडघे धरलेले. तुर्दाकुन म्हणाला, आके, आत बसा, ऊबेला या, पोरं काढतील रक्त, त्यांना येतं. मेंढी कापली माझ्यासाठी. रस्सा आणला, वोडका आणली. नाही कसं म्हणू? बाहेर आलो तर नळ्या भरून तयार. मी शिक्के मारले."

"कापलेल्या मेंढीच्याच रक्ताने भरल्या."

"ते मला नंतर... मला वाटलं, एवढ्याने काय होतंय."

"आणि मी एर्नाचं नाव घेतलं तेव्हा तू काय म्हणालास?"

जुमादिलने लगाम मांडीवरून खाली ठेवला.

"माझी नजर चुकत नाही म्हणालास! मला चढवलंस! त्या बाईच्या गळ्यातली किल्ली काढवलीस माझ्या हाताने!"

"ती तर जाणारच आहे," तो हळूच म्हणाला. "मला इथेच राहायचंय."

शारकानने त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. सकाळी एसेन आकेसमोर उभी राहून तिने सगळं सांगितलं, एर्नाच्या देखत, काही न लपवता. एर्ना ऐकत होती. अर्ध्या मेंढीचा उल्लेख आला तेव्हा तिचा चेहरा उतरला.

"म्हणजे ज्या मेंढीचं रक्त मी तपासत होते," ती म्हणाली, "तिचंच मांस मी खाल्लं."

मग तिघं जीपने कुरणावर गेली. तुर्दाकुन तंबूबाहेर आला, लोकरी टोपी मागे सारून हसला.

"या, या! डुकरांच्या राण्या आल्या! घोडीच्या दुधाचा ताजा कुमिस आणा रे!"

"कुमिस नको," शारकान म्हणाली. "मेंढ्या आणा."

"एजे, कळप तपासलेला आहे. तुमच्याच घरच्या माणसाने."

"म्हणूनच आलेय."

तुर्दाकुनचं हसू तोंडावरच सुकलं. तो एर्नाकडे वळला. "एर्ना, तू तरी सांग हिला. आपली बोलणी झालीत ना? तुझं घर मी घेतोय ना?"

शारकानने चमकून एर्नाकडे पाहिलं. एर्नाने बाही वर सारली. "मेंढीचं डोकं धर, शारकान," एवढंच ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत दोघींनी स्वतःच्या हाताने माना चाचपून शिरा शोधल्या, नळ्या भरल्या. परतल्यावर कॉम्प्लिमेंटचं माप दोघींनी मिळून ठरवलं, एकमेकींच्या हातांकडे बघत. आणि ठिपके बसले. सगळ्या नळ्यांत नाही, पण पुष्कळ. एर्नाने एकेका नळीला बोटाने टिचकी मारून पाहिलं, ठिपका हलत नाही ना म्हणून, आणि शारकान तोंडावर हात धरून उभी राहिली.

ठिपकेवाल्या मेंढ्या कापून पुरल्या. कुबातला गोळ्या मिळाल्या. शिशिरात तो पुन्हा घोड्यावर बसला, पण लोकर कातरायची कात्री त्याच्या मुठीत परत कधी नीट बसली नाही. जुमादिलची नोकरी गेली. तो शेजाऱ्यांच्या गाई राखू लागला. शारकान त्याला जेवायला वाढायची, पण त्याच्या थट्टेवर घरात आता कोणी हसत नव्हतं, आणि हळूहळू त्याने थट्टा करणं सोडून दिलं.

तुर्दाकुनने एर्नाच्या घराचा सौदा मोडला. दुसरा कोणी घ्यायला तयार होईना. शेवटी एर्ना घराला कुलूप लावून, किल्ली शारकानकडे देऊन निघाली.

बस सुटायच्या ठिकाणी दोघी गाठोड्यांवर बसल्या होत्या. शारकानला माफी मागायची होती. ती मागायची कशी, हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं. तिने बोर्सोकची पिशवी एर्नाच्या मांडीवर ठेवली.

"उकळून घेऊ का आधी?" एर्ना म्हणाली.

शारकानच्या डोळ्यांतून एकदम पाणी आलं. मग नाक पुसून तिने विचारलं, "एक सांग. एप्रिलमध्येच तुझ्या लक्षात आलं होतं ना? त्या नळ्या सारख्या आहेत म्हणून?"

एर्ना बसच्या चाकाकडे बघत राहिली.

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, थोडं आलं होतं. आणि तेव्हा घराची बोलणी चालली होती."

"मग कशाला विचारतेस?"

"तू नाही म्हणशील म्हणून."

एर्नाने नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. तिने शारकानचं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाचा मुका घेतला, तिच्या कानात एक अस्सल किरगीझ शिवी दिली, आणि बसमध्ये चढली.

बस धूळ उडवत वळणामागे गेली. शारकान तिथे फार वेळ थांबली नाही. सकाळी काढलेलं सीरम बर्फात होतं, पण बर्फ जुना होता, आणि प्रयोगशाळेत मागे असलेल्या माणसाने पेटीचं झाकण नीट लावलं असेल याची तिला मुळीच खात्री नव्हती.